रेषेची साधना

चित्रकला ही उपजत देणगी आहे की सरावाने साध्य होणारी विद्या आहे, हा प्रश्न फार जुना आहे. वर्गातील एखादा मुलगा फळ्यावर सहज हत्ती काढतो आणि तो हत्तीसारखाच दिसतो. शेजारच्या मुलाने अर्धा तास खपून काढलेला हत्ती मात्र कोणालाच ओळखू येत नाही. मग हा दुसरा मुलगा खडू खाली ठेवतो आणि आपल्या हातात कला नाही असे मनाशी ठरवून टाकतो. निबंध लिहिण्याच्या बाबतीतही असेच घडते. दोन ओळी मनासारख्या जमल्या नाहीत, की लेखन आपल्यासाठी नव्हे असे पुष्कळांना वाटू लागते. इतका मोठा निर्णय आपण किती लवकर आणि किती थोड्या पुराव्यावर घेतो! ज्याने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी चित्रकलेचे पहिले धडे गिरवावयास घेतले आणि तरीही ज्याची गणना आज जगातील थोर चित्रकारांत होते, अशा एका माणसाचे हे चरित्र आहे. त्याचे नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी हॉलंड देशाच्या ब्राबांट प्रांतातील झुंडर्ट या लहानशा गावी झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. घरची स्थिती बेताची होती. पण घरात वाचनाची आवड होती. आई फुलापानांची चित्रे जलरंगांत काढीत असे. सहा भावंडांत व्हिन्सेंट सर्वांत थोरला. त्याच्याहून चार वर्षांनी लहान असलेला भाऊ थिओ हा त्याचा जन्माचा सोबती ठरला. व्हिन्सेंट थोडा एककल्ली होता. गावाबाहेरच्या शेतांतून आणि माळरानांतून तो एकटाच हिंडे. किडे, पाखरांची घरटी आणि रानफुले तासन्‌तास न्याहाळीत बसणे त्याला आवडे. तोही इतर मुलांप्रमाणे कधीमधी चित्रे काढी. टिलबर्ग येथील शाळेत त्याला चित्रकलेचे शिक्षकही नामांकित लाभले होते. तरी हा मुलगा पुढे मोठा चित्रकार होईल, असे त्या वयात त्याच्याकडे पाहून कोणालाही वाटले नाही आणि त्याला स्वतःलाही वाटले नाही. त्याच्या लहानपणच्या ज्या थोड्या रेखाटनांची आज माहिती आहे, त्यांत विशेष असामान्य असे काही आढळत नाही.

सोळाव्या वर्षी, म्हणजे १८६९ मध्ये, एका चुलत्याच्या ओळखीने त्याला हेग शहरात नोकरी लागली. गूपिल नावाच्या कंपनीचे ते चित्रविक्रीचे दुकान होते. त्या दुकानात आणि पुढे कंपनीच्या लंडन व पॅरिस येथील शाखांत मिळून व्हिन्सेंटने जवळजवळ सात वर्षे काढली. या काळात त्याने स्वतः चित्रे फारशी काढली नाहीत. पण पाहिली मात्र अगणित. रोज शेकडो चित्रे व चित्रांच्या छापील प्रती त्याच्या हातांखालून जात. सुटीच्या दिवशी तो संग्रहालये धुंडाळी. कोणत्या चित्रकाराने झाड कसे काढले आहे आणि कोणी प्रकाश कसा दाखविला आहे, हे त्याला तोंडपाठ झाले. हातांना वळण लागण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांना वळण लागले ते असे.

परंतु दुकानदारी त्याला मानवली नाही. गिऱ्हाइकांशी गोड बोलणे त्याला जमेना आणि अखेर १८७६ मध्ये त्याची नोकरी गेली. त्यानंतर त्याने इंग्लंडमध्ये काही महिने शिक्षकाचे काम केले. मग हॉलंडमधील डॉर्ड्रेख्ट गावी पुस्तकांच्या दुकानात नोकरी धरली आणि ती सोडली. वडिलांप्रमाणे धर्मोपदेशक व्हावे म्हणून ॲमस्टरडॅम येथे तो लॅटिन आणि ग्रीक शिकू लागला, पण सुमारे सव्वा वर्षाने तोही अभ्यास अर्धवट सुटला. शेवटी १८७८ च्या अखेरीस तो बेल्जममधील बोरिनाज नावाच्या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात धर्मप्रचारक म्हणून गेला. खाणकामगारांचे हाल पाहून त्याचे मन कळवळले. त्याने आपले चांगले कपडे वाटून टाकले आणि तो गवतावर निजू लागला. खाणीत अपघात झाला तेव्हा त्याने जखमींची मनोभावे शुश्रूषा केली. पण प्रचारकाने असे भणंगासारखे राहणे त्याच्या वरिष्ठांना रुचले नाही. १८७९ मध्ये त्यांनी त्याला कामावरून दूर केले.

व्हिन्सेंट आता सव्वीस वर्षांचा झाला होता. जे जे हाती घेतले ते ते फसले होते. नातलगांच्या दृष्टीने तो कुटुंबाला लागलेला कलंक होता. थिओ या वेळी त्याच गूपिल कंपनीत चांगली प्रगती करीत होता. दोघा भावांत थोडा बेबनाव झाला आणि जवळजवळ वर्षभर व्हिन्सेंटने त्याला पत्रही लिहिले नाही. या काळातील एक हकीकत त्याने पुढे स्वतःच भावाला कळविली. खिशात अवघे दहा फ्रँक घेऊन तो उत्तर फ्रान्समधील कूर्रिएर या गावी पायी चालत गेला. झूल ब्रतों नावाचा एक प्रसिद्ध चित्रकार तेथे राहात असे. त्याची चित्रशाळा पाहावी, एवढाच त्याचा हेतू होता. वाटेत रात्री त्याने गवताच्या गंजीत आणि टाकून दिलेल्या गाडीत काढल्या. काही ठिकाणी आपली रेखाटने देऊन त्या बदल्यात त्याने भाकरीचा तुकडा मिळविला. इतके करून तो चित्रशाळेच्या दारापर्यंत पोहोचला. पण आत जाण्याचे धैर्य काही त्याला झाले नाही. पायांना फोड आलेल्या स्थितीत तो तसाच परतला. मात्र परतीच्या वाटेवर त्याच्या मनाने उचल खाल्ली. खाली ठेवलेली पेन्सिल पुन्हा हाती घ्यावयाची, असे त्याने ठरविले.

१८८० च्या उन्हाळ्यात त्याने हा निश्चय थिओला कळविला आणि कामास सुरुवात केली. पण सुरुवात करावयाची कोठून? त्याला शिक्षक नव्हता आणि जवळ पैसाही नव्हता. त्याने कंपनीच्या हेग येथील शाखेकडून चित्रकलेचे धडे असलेली मोठमोठी चित्रपत्रे उसनी मागविली. शार्ल बार्ग नावाच्या फ्रेंच चित्रकाराने ती विद्यार्थ्यांसाठी तयार केली होती. योगायोग असा, की ज्या गूपिल कंपनीने व्हिन्सेंटला नोकरीवरून कमी केले होते, तिनेच हे धडे छापले होते. त्यांतील एका भागात कोळशाच्या कांडीने मनुष्याकृती काढण्याचे साठ नमुने होते. नमुना समोर ठेवावयाचा, बाह्यरेषा नेमकी टिपावयाची, मग छायेची जागा निश्चित करावयाची. अशी ती पद्धत होती.

खाणकामगाराच्या घरातील एका लहानशा खोलीत व्हिन्सेंटचा मुक्काम होता. खोलीत दोन बिछाने होते. एक घरातील मुलांचा आणि दुसरा त्याचा. उरलेल्या जागेत बसून सत्तावीस वर्षांचा हा विद्यार्थी सकाळपासून अंधार पडेपर्यंत साठ नमुने गिरवीत होता. एकदा साठही काढून झाले, की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा. जोडीला मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकरी जीवनावरील चित्रांच्या छापील प्रती होत्या. शेतात बी पेरणारा शेतकरी हे मिलेचे चित्र तर त्याने पुनःपुन्हा काढले. हाडे व स्नायू यांची रचना कळावी म्हणून त्याने शरीरशास्त्राचे तक्ते उतरून काढले. दूरची वस्तू लहान का दिसते आणि रस्त्याच्या दोन कडा क्षितिजाजवळ एकत्र का येतात, हे सांगणाऱ्या यथार्थदर्शनशास्त्राच्या पुस्तकांचाही त्याने कसून अभ्यास केला.

त्याची या काळातील चित्रे आज उपलब्ध आहेत. ती पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. ती चांगली आहेत म्हणून हे आश्चर्य वाटत नाही. ती अगदी नवशिक्याची आहेत म्हणून वाटते. माणसे ताठ आणि लाकडी दिसतात. कोणाचे हात आखूड, तर कोणाचे डोके मोठे. चालणाऱ्या माणसाचे पाय जमिनीला टेकलेले वाटत नाहीत. ज्याच्या हातात जन्मतःच कला आहे, त्याची ही चित्रे आहेत असे कोणीही म्हणणार नाही.

१८८१ मध्ये तो एटेन या गावी आईवडिलांकडे राहावयास गेला. आता छापील नमुन्यांऐवजी जिवंत माणसे समोर बसवून चित्रे काढावयाची, असे त्याने ठरविले. जमीन खणणारे, पेरणी करणारे आणि झाडलोट करणारे लोक तो दिवसभर रेखाटी. एकच आकृती तो पाच पाच वेळा काढी. त्याच्या नात्यातील आन्टोन मोव्ह हा हेग शहरातील नावाजलेला चित्रकार होता. त्याने व्हिन्सेंटला काही आठवडे रंगकामाचे पहिले पाठ दिले आणि रंगांची पेटीही दिली. पण व्हिन्सेंटचा स्वभाव तापट होता. पुढे मोव्हने त्याला प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून सराव करण्यास सांगितले, तेव्हा त्याने संतापाच्या भरात पुतळे फोडून कोळशाच्या पेटीत टाकले. अशा वागण्याने गुरुशिष्यांचा संबंध तुटला. ज्या माणसाने साठ नमुने निमूटपणे गिरविले, त्याला गुरूची आज्ञा मात्र मानवली नाही. हा त्याच्या स्वभावातील मोठा दोष होता आणि त्याचे फळ त्यालाच भोगावे लागले. पुढील बरेचसे शिक्षण त्याला एकट्यानेच, चुका करीत करीत घ्यावे लागले.

हेगमध्ये असताना त्याने लोहार व सुतार यांच्याकडून एक युक्तीची चौकट करवून घेतली. लाकडी चौकटीत उभे, आडवे आणि तिरपे दोरे ताणून बसविलेले असत. समुद्रकाठच्या वाळूत दोन खांब रोवून ही चौकट त्यांवर बसवावयाची आणि तीतून समोरचे दृश्य पाहावयाचे. त्यामुळे कोणती वस्तू कोणत्या घरात येते आणि कोणती रेषा किती कलते, हे चटकन कळे. जुन्या काळच्या चित्रकारांनीही अशी साधने वापरली होती. ही चौकट पुष्कळ दिवस वापरली म्हणजे पुढे हात विजेच्या वेगाने चालेल, असा व्हिन्सेंटला विश्वास वाटे. १८८२ मध्येच एका चुलत्याने त्याला हेग शहराच्या बारा दृश्यांची मागणी दिली. प्रत्येक चित्रास अडीच गिल्डर ठरले. चित्रकार म्हणून त्याची ही पहिली कमाई होय. पण अशी मागणी वारंवार येत नसे. त्याच्या चित्रांत विकण्याजोगे काही नाही, हे जाणत्या व्यापाऱ्यांनी त्याला तोंडावर सांगितले होते.

मग त्याचा निर्वाह कसा चालला? याचे उत्तर थिओच्या नावात आहे. १८८० पासून अखेरपर्यंत थिओने आपल्या पगारातून दरमहा भावाला पैसे पाठविले. अनेक वर्षे ही रक्कम दीडशे फ्रँक होती. कागद, रंग, कॅनव्हास, खोलीचे भाडे आणि पाव हे सारे त्यातून भागावयाचे. पुष्कळदा व्हिन्सेंट जेवणात काटकसर करी आणि चित्रासाठी समोर बसणाऱ्या माणसाला मजुरी देई. जो सराव पुढे फळाला आला, त्यामागे एका भावाचे कष्ट होते आणि दुसऱ्या भावाचा विश्वास होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

१८८३ च्या डिसेंबरात तो आपल्या वडिलांच्या नव्या गावी, नुएनेन येथे गेला. तेथील विणकर आणि शेतकरी हे त्याचे विषय झाले. एका शेतकरी कुटुंबाचे संध्याकाळच्या जेवणाचे चित्र काढण्याचा बेत त्याने मनात धरला. पण एकदम चित्रास हात न घालता, १८८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने शेतकऱ्यांचे नुसते चेहरे रंगविण्याचा सपाटा लावला. असे चाळीसांहून अधिक चेहरे त्याने रंगविले. शिवाय कामाने राठ झालेले हात त्याने कितीदा रेखाटले! एवढ्या तयारीनंतर १८८५ च्या वसंतात बटाटे खाणाऱ्या कुटुंबाचे ते चित्र पुरे झाले. छताला टांगलेल्या दिव्याच्या मंद उजेडात पाच माणसे एका मेजाभोवती बसली आहेत. ज्या हातांनी त्यांनी जमीन खणली, तेच हात आता ताटाकडे वळले आहेत.

या चित्राची शिळाछापाची एक प्रत त्याने आपल्या चित्रकार मित्राला, व्हॅन रापार्डला, पाठविली. मित्राने उलट टपाली कठोर टीका केली. चित्रातील माणसांची शरीरे सदोष आहेत आणि हातांची ठेवण चुकली आहे, असा त्याचा अभिप्राय होता. व्हिन्सेंट अतिशय दुखावला. या वादातून त्यांची पाच वर्षांची मैत्री पुढे तुटली. पण त्याच उन्हाळ्यात व्हिन्सेंटने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्याने शेतात वाकून काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांची मोठमोठी रेखाटने करावयास घेतली. केवळ बाह्यरेषेवर विसंबून न राहता शरीराचा भरीवपणा आणि हालचाल कशी पकडावी, याचा त्याने नव्याने अभ्यास केला. त्या रेखाटनांतील माणसे लाकडी राहिली नाहीत. त्यांच्या पाठीला वजन आहे आणि पाय मातीत रोवलेले आहेत. टीका त्याने मोठ्या मनाने स्वीकारली नाही हे खरे. पण ती त्याच्या हाताला वाया गेली नाही.

१८८६ च्या आरंभी तो बेल्जममधील अँटवर्प येथील कलाशाळेत शिकत होता. तेथेही शिक्षकांशी त्याचे पटले नाही आणि तो लवकरच शाळा सोडून गेला. परीक्षकांनी त्याचे काम पाहून त्याला नवशिक्यांच्या वर्गात बसवावे, असा निर्णय दिला. त्या वेळी त्याला चित्रकला शिकू लागून साडेपाच वर्षे झाली होती. मिळविलेल्या गुणांवर माणसाची पारख करावयाची असती, तर व्हिन्सेंटची गोष्ट येथेच संपली असती.

त्यानंतर तो पॅरिसला थिओकडे गेला आणि दोन वर्षे तेथे राहिला. तेथे नव्या विचारांचे चित्रकार उजळ, स्वच्छ रंगांत चित्रे काढीत होते. त्यांची चित्रे पाहताच आपले रंग काळपट आहेत, हे व्हिन्सेंटच्या लक्षात आले. तेव्हा वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तो पुन्हा विद्यार्थी झाला. केवळ रंगांच्या सरावासाठी त्याने एका उन्हाळ्यात फुलदाण्यांची डझनावारी चित्रे काढली. त्याच्याजवळ लाखकाम केलेली एक पेटी होती आणि तीत रंगीबेरंगी लोकरीचे गुंडे होते. निळ्याजवळ नारिंगी ठेवला तर काय होते आणि जांभळ्याजवळ पिवळा ठेवला तर काय होते, हे तो लोकरीचे धागे एकमेकांत गुंफून पाही. ही पेटी आजही जपून ठेवलेली आहे. समोर बसणाऱ्या माणसाला देण्यास पैसे नसत, म्हणून त्याने आरशात पाहून स्वतःचाच चेहरा रंगविला. पॅरिसमध्ये अशी पंचवीसहून अधिक चित्रे त्याने काढली. जपानी चित्रांच्या स्वस्त प्रती तो शेकड्यांनी जमवी आणि त्यांतील साध्या, ठसठशीत रेषेचा अभ्यास करी.

फेब्रुवारी १८८८ मध्ये तो दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी गेला आणि तेथे त्याच्या साधनेला बहर आला. फुललेल्या फळबागा, पिकलेली शेते, ताऱ्यांनी भरलेले आकाश आणि सूर्यफुले यांची चित्रे त्याच्या कुंचल्यातून भराभर उतरू लागली. ऑगस्ट महिन्यात जवळजवळ एका आठवड्यात त्याने सूर्यफुलांची चार चित्रे काढली. बोरू कापून त्याने लेखण्या केल्या आणि ठिपके, आडव्या रेघा, वाकड्या फटकाऱ्या यांतून गवत, वारा आणि ऊन कागदावर आणले. इतक्या घाईने काढलेले चित्र चांगले कसे असेल, अशी शंका लोक घेत. त्यावर त्याचे उत्तर असे, की हात वेगाने चालतो तो आधी केलेल्या दीर्घ विचारामुळे. सात आठ वर्षांचा सराव त्या एका आठवड्याच्या पाठीशी उभा होता.

दुर्दैवाने त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला मनाच्या आजाराने गाठले. हा आजार पुनःपुन्हा उलटे. १८८९ च्या मे महिन्यात तो आपणहून सँ-रेमी येथील रुग्णालयात दाखल झाला आणि वर्षभर तेथे राहिला. वेडाच्या झटक्यातून त्याची कला जन्मली, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. आजाराच्या दिवसांत त्याच्याने काम होत नसे. मन स्वच्छ असे तेव्हाच तो चित्रे काढी, आणि त्या एका वर्षात त्याने दीडशेच्या आसपास चित्रे काढली. चक्राकार फिरणाऱ्या ताऱ्यांचे त्याचे प्रसिद्ध चित्र याच ठिकाणचे. बाहेर जाता येत नसे तेव्हा तो पुन्हा मिलेच्या चित्रांकडे वळे. नऊ वर्षांपूर्वी कोळशाने गिरविलेला तोच पेरणी करणारा शेतकरी आता त्याने रंगांत काढला. थिओला मुलगा झाला आणि त्याचे नाव व्हिन्सेंटच ठेवले, हे कळताच त्याने निळ्या आकाशावर फुललेल्या बदामाच्या फांद्या रंगवून त्या बाळाला भेट पाठविल्या.

१८९० च्या आरंभी एका लेखकाने त्याच्या चित्रांची मनापासून स्तुती करणारा लेख लिहिला. ब्रुसेल्स येथील प्रदर्शनात त्याचे एक चित्र चारशे फ्रँकांना विकले गेले. यशाची पहाट होत होती. मे महिन्यात तो पॅरिसजवळच्या ओव्हेर या गावी राहावयास गेला आणि सुमारे सत्तर दिवसांत त्याने तितकीच चित्रे काढली. या गावाहून त्याने थिओकडे एक मागणी केली. नवे रंग हवे होतेच. पण त्याबरोबर त्याला बार्गचे ते जुने साठ नमुने हवे होते. ते साठही पुन्हा एकदा गिरवून काढावयाचे होते, कारण त्यावाचून आपला हात उणा पडेल अशी त्याला धास्ती वाटत होती. ज्याची चित्रे पुढे जगाने डोक्यावर घ्यावयाची होती, तो वयाच्या सदतिसाव्या वर्षी नवशिक्यांचे धडे पुन्हा मागत होता!

पण आजार पाठ सोडीत नव्हता. त्या आजारातच २९ जुलै १८९० रोजी त्याचा अंत झाला. थिओ शेवटच्या क्षणी त्याच्याजवळ होता. भावाच्या मागे तो सहा महिनेच जगला.

व्हिन्सेंटने अवघ्या दहा वर्षांत साडेआठशेच्या आसपास रंगचित्रे आणि हजाराहून अधिक रेखाटने केली. याखेरीज त्याची आणखी एक ठेव मागे राहिली होती. ती म्हणजे त्याची पत्रे. आज त्याची सुमारे आठशे वीस पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांतील बहुतेक थिओला लिहिलेली आहेत. थिओची पत्नी जोहाना हिने ती जपली, जुळविली आणि १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. चित्रेही तिनेच सांभाळली आणि लोकांपुढे आणली. पुढे १९७३ मध्ये ॲमस्टरडॅम येथे त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले.

ही पत्रे वाचली म्हणजे ध्यानात येते, की लेखनातही तो असाच घडत गेला. विशीतील पत्रांत उपदेश फार आणि धर्मग्रंथांतील उतारे फार. स्वतःचे असे थोडेच. परंतु अठरा वर्षे तो लिहीत राहिला, उत्तमोत्तम ग्रंथ वाचीत राहिला आणि जे पाहिले ते शब्दांत नेमके मांडण्याचा प्रयत्न करीत राहिला. शेवटच्या वर्षांतील पत्रांत एखाद्या शेताचे किंवा संध्याकाळच्या आकाशाचे वर्णन असे येते, की चित्र न पाहताही ते डोळ्यांपुढे उभे राहते. आज तो चित्रकार म्हणून जितका आवडीने पाहिला जातो, तितक्याच आवडीने पत्रलेखक म्हणून वाचला जातो.

तर मग कला ही देणगी की सराव? व्हिन्सेंटच्या चरित्रावरून कोणी म्हणेल, की सारे काही सरावावर आहे. पण तेवढेच म्हणणे पुरे नाही. बार्गचे ते धडे त्या काळी कितीतरी विद्यार्थ्यांनी गिरविले. ते सर्वच व्हॅन गॉग झाले नाहीत. तळमळीचे मन, झाडापानांत आणि कष्टकऱ्यांच्या चेहऱ्यांत गुंतणारी दृष्टी, आणि अपयश येऊनही न विझणारी ओढ ही त्याची स्वतःची होती. तिला देणगी म्हणावयाचे तर म्हणावे. पण ही देणगी सत्ताविसाव्या वर्षापर्यंत कोणालाही दिसली नव्हती, त्यालाही नाही. साठ नमुने, चाळीस चेहरे, लोकरीचे गुंडे आणि शेकडो पत्रे यांच्या मागोमाग ती हळूहळू उजेडात आली. पेरल्यावाचून बी कसले आहे हे कळत नाही. म्हणून ज्याचा हत्ती आज ओळखू येत नाही, त्याने खडू इतक्यात खाली ठेवू नये.